लिस्बनच्या चौकातली नारळी पुनव

माझ्या घुमेपणाची आमच्या घरात कोणी फारशी काळजी केली नाही, कारण आई दोघींच्या वाटचं बोलत असे. नवापूरला आमचं घर किनाऱ्याच्या अगदी तोंडाशी. आईने ओट्यावरून हाक मारली की ती वाळत टांगलेल्या बोंबलांच्या रांगा ओलांडून थेट बोटीपर्यंत पोचायची, आणि बाबा तिथून हात वर करायचे. अशा घरात ज्याला हळू बोलायचं असतं, त्याने गप्प बसलेलंच बरं. त्यात बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. शेजारच्या मुली गावच्या शाळेत चालत जायच्या. मी गळ्यात टाय बांधून बोईसरला जाणाऱ्या रिक्षात कोंबली जायची. शाळेत मॅडम म्हणायच्या, "स्पीक अप." घरी पाहुणे आले की आई म्हणायची, "दाखव गो बाय, जरा इंग्लिश बोलून." मी दाराच्या मागे. मग आई पाहुण्यांची समजूत घालायची, "तिला सगळं येतं. नुसतं बाहेर काढत नाय." माझं इंग्रजी म्हणजे लग्नातला हार होता आणि मी तो कपाटात जपून ठेवला होता, असं तिला खरोखर वाटायचं.

आज मी बोईसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर फोनवर बोलते. मराठीत, हिंदीत, मधूनच इंग्रजीत, आणि माल वेळेत आला नाही तर चढ्या आवाजातही. ऑफिसातल्या कोणाला मी सांगितलं की वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला लाजायची आणि दोन घरं पुढे उतरून मागे चालत यायची, तर ते हसतील. म्हणून मी सांगत नाही.

त्या विसाव्या वर्षी ताईला मुलगी झाली. ताईचा नवरा, आमचे भाऊजी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होते. आईने लिस्बन हे नाव कधी उच्चारलं नाही. ती "ताईकडे" म्हणायची, जसं काही ते पालघरच्या पुढचं स्टेशन. बाळंतपण करायला आईने जायचं ठरलं, आणि बोलायला माणूस हवं म्हणून बरोबर मी. या निर्णयावर घरात कोणीच हसलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. विमानतळावर विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं मी पंधरा दिवस पाठ केली होती. प्रत्यक्षात तिथल्या अधिकाऱ्याने मला काही विचारण्याआधी आईनेच त्याच्यासमोर दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला, मग पोटावरून हात फिरवला, मग बोटाने 'मुलगी' असं नाकात नथ असल्यागत दाखवलं. त्याने शिक्का मारला. माझी उत्तरं तशीच राहिली.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लाकडी जिन्याचं, आणि खालून ट्राम गेली की ताटाळ्यातल्या वाट्या वाजायच्या. त्या आवाजाने बाळ झोपायचं आणि ट्राम थांबली की उठायचं. आईने पहिल्याच सकाळी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे सुक्या मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, कालवण देतात. आईने ती मुशी नवापूरहून कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणली होती, त्यामुळे पुढचा महिनाभर माझ्या सगळ्या ड्रेसना मासळी बाजारात बसून आल्यासारखा वास यायचा. कालवण उकळायला लागलं की ताई खिडक्या लावत, टॉवेल हलवत घरभर धावायची. "आई, इथे लोक तक्रार करतात!" आणि खरंच एकदा दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई होत्या. ताईने माझ्याकडे बघितलं, मी न्हाणीघरात गेले. बाहेर आले तेव्हा आजीबाई टेबलाशी बसून मुशीचं कालवण पावाबरोबर खात होत्या, आणि आई त्यांना आमसूल कधी घालायचं ते मराठीत समजावत होती.

असा दीड महिना गेला आणि नारळी पुनव आली.

आमच्याकडे पुनवेला सगळं गाव वाजतगाजत किनाऱ्यावर जातं आणि सोनेरी कागदात मढवलेला नारळ दर्याला देतं. पण त्याशिवाय, ज्या घरची बोट त्या घरच्या बाईने आपला वेगळा नारळ द्यायचा, अशी आमच्या घराची रीत. नारळ 'टाकला' असं कोणी म्हणत नाही, 'दिला' म्हणतात. आणि दिलेला नारळ फिरून किनाऱ्याला लागला, तर दर्याने तो घेतला नाही, असं धरतात. मी आठवीत असताना मला टायफॉइड झाला होता, आणि पुनवेच्या दिवशी आई माझ्याजवळ पालघरच्या दवाखान्यात होती. तिच्याऐवजी काकूने नारळ दिला. त्या हंगामात पहिल्याच फेरीला बोटीचं इंजिन बंद पडलं आणि बाबा चार खलाशांसह दोन दिवस नुसते तरंगत राहिले. ओढून आणल्यावर बाबा म्हणाले, पंपात कचरा अडकला होता. आई म्हणाली, "व्हय, पण कचरा कोणी पाठवला?" त्यानंतर बाबांनी या विषयावर वाद घातला नाही. या वर्षीही फोनवर त्यांनी एवढंच म्हटलं, "तू तिथं दे. तू दिला बोललीस की आमी सुटतो." गावातल्या बाकीच्या बोटी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होत्या. आमची बोट तेवढी आईच्या फोनसाठी थांबणार होती. फोन आल्याशिवाय तिच्यात मासळीसाठीचा बर्फही भरला जाणार नव्हता.

नारळ आईने आमच्याच परसातला आणला होता, शेंडीसकट. सोनेरी कागद मात्र प्रवासात मुशीच्या तेलाने विरघळल्यासारखा झाला होता. तेव्हा भाऊजींनी सोनेरी वेष्टनाची चॉकलेटं आणली आणि आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर आईच्या देखरेखीखाली चार-चार खाल्ली. शेवटच्या दिवशी ते आईला म्हणाले, "मामी, चांदीचा नाय का चालत?" आईने त्यांच्यापुढे अजून दोन ठेवली.

नारळ द्यायची जागा भाऊजींनीच सुचवली होती. लिस्बनच्या मधोमध एक जुना, अवाढव्य चौक आहे. तिन्ही बाजूंना पिवळ्या इमारती, खाली कमानींच्या ओळी, मध्ये घोड्यावर बसलेला राजा, आणि चौथी बाजू सरळ पाण्यात उघडणारी. तिथे दोन खांब आणि त्यांच्यामधून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पूर्वी राजेरजवाडे तिथे बोटीतून उतरायचे म्हणे. ताई बाळापाशी थांबली. आई आणि मी निघालो. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यात ताईच्या कुंडीतली लाल फुलं होती आणि हातात पूजेची पिशवी. ट्राममध्ये लोक तिच्याकडे बघत होते. मी दोन सीट सोडून बसले होते. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा मी जवळ बसले नाही हे खरं आहे.

चौकात पाऊल टाकलं आणि आई थांबली. ऊन लख्ख होतं, वारा सुटला होता, फरशी तापली होती. मला वाटलं, ती एवढं वैभव बघून दिपली. तिने डावीकडून उजवीकडे संपूर्ण चौक बघितला आणि म्हणाली, "एवढी मोठी जागा, असलं ऊन, आणि एक बोंबील वाळत नाय! चार गावची मासळी सुकेल गो इथं." मग तिने राजाकडे बघितलं. "हा कोण?"

"राजा आहे," मी हळूच म्हणाले.

"दर्याकडं तोंड करून बसलाय. बोट यायची असंल त्याची."

पायऱ्यांपाशी पोचल्यावर मी तिला सांगायची चूक केली की समोर दिसतो तो समुद्र नाही, नदीचं मुख आहे. आई तीन पायऱ्या उतरली, पाण्यात बोट बुडवून तिने जिभेला लावलं. "खारं हाय. चालंल." मग तिने चंद्राची तिथी धरून हिशेब केला. पुनवेला दुपारी बाराला भरती पुरी होते, एकला ओहोटी लागते आणि ओहोटीचं पाणी नारळ आत दर्यात घेऊन जातं. आमच्या किनाऱ्यावर हे लहान पोरांनाही पाठ असतं. आईच्या या हिशेबावर बाबा डोळे मिटून बोट काढत. एक वाजून गेला होता. तिने तिसऱ्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, नारळाची करंजी ठेवली, बाबांचं आणि चारही खलाशांचं नाव घेतलं आणि नारळ दिला.

आजूबाजूला बरेच प्रवासी बसले होते. त्यांच्यातला एक तरुण, उन्हाने कान लाल झालेला, बूट काढून पाण्यात उतरला आणि नारळ घेऊन आला. दोन्ही हातांनी, अदबीने त्याने तो आईला दिला. इंग्रजीत म्हणाला की हे तुमच्या हातून पडलं. आई नारळाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी खांबाकडे. "सांग त्याला," आई म्हणाली. मी "थँक यू" म्हणाले. माझ्या बारा वर्षांच्या इंग्रजी शिक्षणातून त्या क्षणी तेवढंच निघालं. तरुण खूश होऊन बूट घालायला गेला.

"माणसानं आणला," आई म्हणाली, "तो धरायचा नाय." दुसऱ्यांदा तिने हात मागे नेऊन असा लांब फेकला की एका पायरीवर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने मान वळवून बघितलं. नारळ चकाकत दूर पडला, थोडा वेळ डुलला, आणि मग आमच्याकडे यायला लागला. घाई नाही, गडबड नाही. ओळखीच्या घरी यावं तसा आला आणि पायरीला टक्क करून लागला. आईने यालाही कारण शोधलं. समोरून फेरीबोट गेली होती, तिची लाट. तिसऱ्यांदा नारळ पाण्यात पडायच्या आतच एका पिवळ्या, दांडग्या कुत्र्याने उडी घेतली. शेंडी दातात धरून तो बाहेर आला, नारळ आईच्या पायाशी ठेवला आणि अंग झाडून आम्हा दोघींना भिजवलं. पायऱ्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुत्रा पुन्हा फेकायची वाट बघत आईसमोर बसला.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. फोन माझ्याकडे होता. "दिला काय?" मागे खलाशांचे आवाज येत होते, कोणीतरी डबा आपटत होतं. मी फोनवर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "आई, दिला म्हणून सांगूया ना. तीनदा दिलाय की."

आईने माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "दर्यात जाणार ते तुझे बाबा," ती म्हणाली. "तू नाय, मी नाय. मग खोटं कोणासाठी बोलायचं?" तिने फोन घेतला. "थांबा जरा. इथं गर्दी हाय." आणि फोन ठेवून ती पायरीवर बसली आणि गप्प झाली.

आईला गप्प बसलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. झोपेतसुद्धा ती भाव करायची. आता ती ओला नारळ मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत होती, आणि बोलायचं काम आमच्या दोघींपैकी कोणाकडेच उरलं नव्हतं. त्या वर्षी बाबा तरंगत होते ते दोन दिवस मला आठवले. मी दवाखान्यातून नुकती घरी आले होते, आणि आई ओट्यावरून हाका मारत होती, पण समोर हात वर करणारं कोणी नव्हतं.

मग मला एक गोष्ट दिसली. गप्प माणसाला इतर कामं नसल्यामुळे तो बघत असतो. "आई," मी म्हणाले, "उदबत्ती कुठे आहे?"

"तिसऱ्या पायरीवर."

"तिसरी पायरीच नाहीये."

आई उठली. पायरी पाण्याखाली होती. करंजीही गेली होती. "पाणी चढतंय गो!" ती ओरडली. "ओहोटी कुठली, भरती चाललीय ही!" ती तडक त्या गळवाल्या म्हाताऱ्यापाशी गेली आणि त्याला मराठीत विचारलं की हे काय चाललंय. त्याने तिच्याकडे, नारळाकडे, पाण्याकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं आणि चार बोटं वर केली. "चारला?" आई म्हणाली. "पुनवेला चारला भरती? कोणी सांगितलं?" तिने ओल्या बोटाने दगडावर पूर्ण चंद्र काढला. त्याने मान डोलावली, चंद्र त्यालाही मान्य होता, पण बोटं चारच ठेवली. आईने बाराची खूण केली. त्याने छातीवर हात ठेवला, मग गळाकडे दाखवलं, मग कमरेएवढ्या मुलाची उंची दाखवली. म्हणजे तेवढा असल्यापासून तो इथे बसतोय. त्यावर आईचं काही चाललं नाही. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ निराळी असते, हे मी भूगोलात शिकले होते आणि त्यात मला पूर्ण गुण होते. ते तिथे मला आठवलं असतं तर!

आम्ही पाचपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि तेवढ्यात एक पोलीसबाई आल्या. कोणीतरी सांगितलं असावं की एक बाई सोनेरी गोळा पुन्हा पुन्हा पाण्यात फेकतेय. त्या सौम्य होत्या, इंग्रजी छान बोलत होत्या आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं: नदीत काही टाकता येणार नाही. आईला शब्द कळले नाहीत, हाताची खूण कळली. तिने नारळ पदराखाली घेतला.

मी पुढे झाले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, तरी तोंड उघडलं, आणि बारा वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. माझे वडील मच्छीमार आहेत, त्यांची बोट भारतात उभी आहे, चार माणसं तयार होऊन बसली आहेत, मागे एकदा इंजिन बंद पडलं होतं, पंपात कचरा होता, मला टायफॉइड होता, आम्ही टाकत नाही, देतो, कुत्रा आमचा नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा गळवाला म्हातारासुद्धा माझ्याकडे बघत होता. आई तर उघड्या तोंडाने.

पोलीसबाईंनी थोडा विचार केला. "हे खायचं फळ आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "आणि हे सोनं?" चॉकलेटचा कागद, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, फळ पाण्यात पडलेलं मला दिसलं नाही असं होऊ शकतं, पण कागद काढा.

मी आईला सांगितलं.

"सोनं नको म्हणते?" आई थक्क झाली. "बाई असून?"

पण तिने कागद काढला, हळूहळू, न फाडता. पोलीसबाईंना पिशवीतली दुसरी करंजी दिली. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि बोटं पुसत कमानीकडे निघून गेल्या. आम्ही बसलो. चार वाजता पाणी पायऱ्यांवर थांबलं, अगदी म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा. त्याने आमच्याकडे बघून बोटसुद्धा वर केलं नाही, एवढा त्याचा मोठेपणा. पाच वाजून गेल्यावर ओली पायरी उघडी पडली. आई उतरली, पुन्हा सगळ्यांची नावं घेतली, पाणी नारळाला लावून "कुत्र्याचं तेवढं माफ कर" असं काहीतरी पुटपुटली आणि नारळ दिला. मी कुत्र्याला गळपट्ट्याला धरून ठेवलं होतं. नारळ एकदा गिरकी घेऊन दूर दिसणाऱ्या लाल पुलाच्या दिशेने, मोठ्या पाण्याकडे निघाला. तपकिरी, साधा, शेंडी वर. मी तो ठिपका होईपर्यंत बघितला आणि मग ठिपकाही नाही असं होईपर्यंत.

"लाव फोन," आई म्हणाली. "आणि तूच बोल. आज सुटलीच हायेस तर. सांग, इथला दर्या उशिरा उठतो."

बाबांनी पहिल्या घंटेला उचलला. तिकडे रात्र झाली होती. "बाबा, दिला," मी म्हणाले.

"तू बोलतेस?" ते म्हणाले. मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "परत तर नाय ना लागला?"

आई पूजेची पिशवी आवरत होती. मी म्हणाले, "तीनदा आला, बाबा. पहिल्यांदा एका मुलाने आणून दिला. मग भरतीने आणला, आईचा हिशेब इथे चुकला. मग कुत्र्याने. चौथ्यांदा ओहोटी लागल्यावर दिला, तो गेला. दिसेनासा होईपर्यंत गेला."

पलीकडे डबा आपटायचा थांबला.

"तू बघितलास?" बाबा म्हणाले. "सोता?"

"हो. डोळे हलवले नाहीत."

"बरं," ते म्हणाले, आणि मग फोनपासून तोंड वळवून असं ओरडले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला, "बर्फ भरा रे!"

फोन त्यांनी तसाच ठेवून दिला असावा, कारण तो चालूच राहिला. कोणीतरी शिटी मारली, फळ्यांवरून पावलं धावली, आणि बोटीच्या पोटात बर्फाच्या लाद्या एकामागून एक पडायला लागल्या. आई माझा दंड हलवत होती. "काय म्हणतात? सांग ना गो, काय म्हणतात?" पण मी त्या दिवसापुरतं बोलून घेतलं होतं. मी फोन तिच्या कानाला लावला.